एक फोन, दोन पाळ्या

‘पाळी’ हे उदाहरण ऑफिसात मीच दिलं होतं. पुण्यातली आमची कंपनी लहान, पण आम्ही मोठं काम हाती घेतलं होतं. मराठीत शोधणाऱ्या माणसाची सवय ओळखून त्याच्यापुरता उत्तरांचा क्रम लावणारं सर्च इंजिन. ही कल्पना तशी जुनी. गूगलने लॉगिन केलेल्यांसाठी २००५ सालीच असं सुरू केलं होतं, आणि डिसेंबर २००९ पासून लॉगिन न केलेल्यांनाही ते लागू झालं. ब्राउझरमधल्या कुकीवरून, म्हणजे तिथे ठेवलेल्या छोट्याशा खुणेवरून, मागच्या १८० दिवसांचे शोध पाहून निकाल लावायचे, अशी ती रीत. इंग्रजीत हे समजावताना सगळे ‘जग्वार’ सांगतात, प्राणी हवा की गाडी? मी म्हटलं, आपल्याकडे ‘पाळी’ घ्या. शेतकऱ्याला कालव्याच्या पाण्याची पाळी हवी असते, बाईला मासिक पाळी. मशीनने माणूस ओळखला की उत्तर बरोबर येईल. सगळ्यांना पटलं. उदाहरण सादरीकरणाच्या पहिल्या पानावर गेलं.

चाचणीसाठी मानवत तालुक्यातलं एक गाव निवडलं. मी परभणीची, म्हणून ते माझ्याकडे आलं. चौदा जणांच्या फोनवर ॲप बसवलं, समजावून सांगून संमतीच्या कागदावर सह्या घेतल्या आणि तीन आठवड्यांनी, डिसेंबरात, लोकांचं म्हणणं ऐकायला गेले.

सकाळी एस.टी.तून उतरले तेव्हा हरभरा फुलावर होता, कापसाची वेचणी संपत आली होती. मारुतीच्या पारावर सातआठ जण आधीच बसलेले. नीटची तयारी करणारा एक मुलगा खूश होता. पहिल्या दिवशी ‘नीट अभ्यास कसा करावा’ टाकल्यावर त्याला सुविचार आले होते, आता थेट जीवशास्त्राचे प्रश्नसंच यायला लागले होते. तूर उत्पादक एका काकांना ‘मर’ एवढंच टाकलं तरी तुरीचा मर रोग मिळत होता. मी भराभर लिहून घेत होते. मनात म्हटलं, जमलं.

मग दोन चुलतभावांचं सुरू झालं. दोघांनी एकाच वेळी ‘कापूस भाव’ टाकला होता. एकाला वर मानवतचा दर आला, दुसऱ्याला सेलूचा. दुसऱ्याची सासुरवाडी सेलूची, त्याने आधी सेलूचं बरंच काही शोधलं होतं, म्हणून मशीनने तो क्रम लावला. मी हे समजावलं. त्यांना ते पटेना. दुसरा म्हणाला, “मी मानवतला गाडी न्यायची का सेलूला, हे त्यानं कसं ठरवलं? मला तर विचारलं बी नाई.”

पाराच्या कडेला एक म्हातारे बसले होते. आयुष्य बैलबाजारात गेलेलं. ते म्हणाले, “हे रुमालाखालचं झालं बघा.”

बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात आणि भाव ठरतो. शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही कितीला सुटला. म्हातारे पुढे म्हणाले, “अडतीवर उघडा सौदा पुकारतेत ते कशापाई? समद्याला एकच ऐकू यावं म्हणून. तुमचं मशीन दर माणसाच्या हातावर येगळा रुमाल टाकायलंय. ह्याला एक सांगायलंय अन् त्याला एक. दोगं समोरासमोर बसले म्हणून कळालं तरी. न्हाई तर?”

मी वही खाली ठेवली. वैयक्तिक निकालांवर मी पुष्कळ वाचलं होतं, प्रत्येकजण आपापल्या बुडबुड्यात अडकतो वगैरे. पण तो प्रश्न शहाण्यासुरत्या शब्दांत वाचणं वेगळं आणि ज्याच्या दारात कापसाची गाडी भरून उभी आहे त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं. मला उत्तर सुचलं नाही, आणि मी ते दिलंही नाही.

एवढ्यात तात्या आले. साठीच्या पुढचे, जमीन जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या एका चारीवर, अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. डावा कालवा २०८ किलोमीटर लांब. पैठणहून निघालेलं पाणी आमच्या भागात पोचेपर्यंत वरच्यांची शेतं भिजतात आणि टेलवाल्यांचे डोळे चारीकडे लागतात. रब्बीचं आवर्तन कधी सुटणार, आपली पाळी कधी, हा त्यांचा रोजचा प्रश्न. तात्या टाइप करत नाहीत, फोनला बोलून विचारतात.

“ताई, तुमचं मशीन बिघडलं. पहिले पंधरा दिस लई बरोबर सांगत होतं. आता बघा.” त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि पाराला ऐकू जाईल असं म्हटलं, “पाळी!” चष्मा नव्हता, म्हणून फोन नीटवाल्या मुलाकडे दिला. “वाच रे.”

मुलाने वाचलं, “पाळी उशिरा येण्याची कारणे. पाळी चुकल्यावर किती दिवसांनी...” आणि थांबला. पार गप्प झाला. एकाने मान खाली घातली.

“शब्द एकच आहे ना तात्या, त्याचा घोटाळा होतोय,” मी म्हणाले.

“मंग आधी काऊन न्हाई झाला?”

बरोबर विचारलं होतं. मी फोन मागून घेतला आणि बाजूला जाऊन माझ्या टॅबवर नऊ नंबरच्या, म्हणजे तात्यांच्या फोनच्या, नोंदी उघडल्या. आम्हाला नावं दिसत नाहीत, फक्त नंबर दिसतो. दिवसभर कालवा, हरभऱ्याची घाटेअळी, हवामान, कीर्तन. आणि गेल्या पाच रात्रींत, साडेअकराच्या पुढे, टाइप केलेले शोध. तात्या टाइप करत नाहीत. त्या ओळी मी इथे लिहिणार नाही. दोन वाचल्या आणि टॅब बंद केला. त्या घरात कोण कोण आहे हे मला ठाऊक होतं, कारण ॲप बसवायला मी त्याच घरी गेले होते आणि चहा सुनेने दिला होता.

दुपारी तात्यांनी जेवायला नेलं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. सासूबाई वेचणीला गेलेल्या. तात्या ओसरीवर टेकले आणि मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले, तर सून तांब्या घेऊन मागोमाग आली. पारावरची गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. गावात तेवढा वेळ लागत नाही.

“ताई, मी पुसलं होतं की. रोज रात्री पुसत होते. ती वरची यादी.”

तिने खरोखरच पुसलं होतं. शोधांची जी यादी डोळ्यांना दिसते, ती. पण यादी वेगळी आणि यादीतून मशीनने काढलेला अंदाज वेगळा. आमच्या इंजिनात शोध झाला की त्याचा विषय वेगळ्या ठिकाणी मोजला जायचा. यादी गेली तरी ते माप तसंच राहायचं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं आम्ही.

ती हळू आवाजात बोलत राहिली. नवऱ्याचा फोन त्याच्यासोबत टेम्पोवर असतो, म्हणून रात्री चार्जिंगला लावलेला सासऱ्यांचा. लग्नाला तीन वर्षं झालीत. घरात सगळे दिवस मोजतात. यंदा दिवस वर गेलेत, पण असं आधी दोनदा झालं होतं आणि दोन्हीदा सगळ्यांना कळून मग काहीच नव्हतं. “पक्कं कळाल्याबिगर कुणाला सांगायचं नव्हतं मला. त्याला इसरायला सांगता येतं का?”

मी ओसरीवर जाऊन तात्यांना म्हटलं, “तुमचं मशीन नव्यानं सुरू करून देऊ का? मागचं सगळं विसरेल.” ते म्हणाले, “करा की.” मग मी तिच्या समोरच केलं. सेटिंग्ज, मग प्रोफाइल, मग त्याच्या आत, मग आणखी आत. सहा वेळा बोट लावावं लागलं, आणि शेवटचं बटण इंग्रजीत होतं. मराठी सर्च इंजिन म्हणून मिरवणाऱ्या आम्ही, विसरायचं बटण तेवढं इंग्रजीत ठेवलं होतं.

शिवाय सही. नऊ नंबरच्या कागदावर सही तात्यांची होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती ज्याची माहिती त्याची लागते. इथे सही एकाची आणि माहिती दुसरीची. चौदा फोनांमागे किती माणसं आहेत, हे आम्ही विचारलंच नव्हतं. आमच्या आकृत्यांमध्ये एक फोन म्हणजे एक माणूस. मी ज्या घरात वाढले तिथेही फोन घराचा होता, आणि तरी मला ते सुचलं नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

संध्याकाळी पारावर पुन्हा चाचणी घेतली. ‘पाळी’ म्हटल्यावर आता दोन्ही प्रकारचं मिसळून आलं. मी म्हटलं, “तात्या, ‘कालव्याची पाळी’ म्हणा.” ते म्हणाले, आणि पहिलंच उत्तर जायकवाडीच्या आवर्तनाचं आलं. निवृत्त गुरुजी शेजारी उभे होते. ते म्हणाले, “एक शब्द जास्तीचा बोलला की भागतंय. मग तेवढ्यासाठी त्यानं घरातलं सगळं ध्यानात कशाला ठेवायचं?”

परतीच्या गाडीत मला एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीचं प्रकरण आठवत होतं. ऑगस्ट २००६ मध्ये त्या कंपनीने संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाख वापरकर्त्यांचे सुमारे दोन कोटी शोध जाहीर केले होते. नावांऐवजी नंबर टाकले होते, म्हणून सुरक्षित समजले. न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार त्यातल्या एका नंबरचे शोध वाचत वाचत जॉर्जियातल्या एका वयस्कर बाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. कामावर रुजू झाले तेव्हा हे आम्हाला शिकवलं होतं. मला तर दोनच ओळी पुरल्या होत्या.

रात्री नऊ नंबरच्या त्या नोंदी मी सर्व्हरवरूनही काढल्या. दुसऱ्या दिवशी कॉलवर प्रमुखांनी विचारलं, “नऊचा डेटा अर्धवट का?”

“वापरणाऱ्या व्यक्तीनं पुसायला सांगितला.”

“पण त्यांनी तर सही दिलीय.”

“सही दिलेली व्यक्ती वेगळी आहे.”

मग मी सगळं सांगितलं, नातं आणि गाव वगळून. लांबलचक चर्चा झाली. लक्षात ठेवणं मुळातच बंद असावं आणि ज्याला हवं त्याने सुरू करावं, ही माझी मागणी अजून मान्य झालेली नाही. मी ती सोडलेली नाही. दुसरी मान्य झाली. शोधण्याच्या चौकटीशेजारीच मराठीत बटण, ‘हे लक्षात ठेवू नको’. दाबलं की यादीतही नाही आणि मापातही नाही.

जानेवारीत ते नवं ॲप बसवायला गेले. सुनेने पाणी दिलं. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. तात्यांना बटण दाखवलं, दोनदा समजावलं. त्यांनी फोन हातात घेतला, क्षणभर बटणाकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि फोनशी अगदी हळू काहीतरी बोलू लागले. त्यांचं होईपर्यंत मी अंगणात जाऊन थांबले.