साडेसहाशे फुटांखाली

बीड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत बहुतेक पोरांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांना नुसत्या नकाशावर समुद्राची खोली कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सातवीचा वर्ग टेप घेऊन रस्त्यावर काढला. खोली आडवी मोजायची, शाळेचं फाटक म्हणजे पाण्याची पातळी.

२०० मीटरवर मारुतीचं देऊळ आलं. "इथं ऊन जवळपास संपलं. याच्या खाली शेवाळसुद्धा सहसा वाढत नाही," मी सांगितलं. एका मुलीनं लगेच फुटांत हिशेब केला. "साडेसहाशे फूट? सर, आमचा बोअर याच्याहून खोल हाय!"

मग प्रत्येकजण आपल्या घरच्या बोअरचे फूट सांगू लागला. कुणाचा फुफाटाच निघालेला, कुणाचा दोन वर्षं चालून आटलेला. आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः वरच्या मुरमाड थरात आणि भेगांत असतं, हे त्यांना पुस्तकाआधी घरात कळलेलं.

हजार मीटरवर पाझर तलावाचा बांध. इथून पुढं मिट्ट काळोख. तळातल्या गरम झऱ्यांभोवतीचे जीव सोडले, तर तिथलं बहुतेक जग वरून झरत येणाऱ्या मेलेल्या जिवांच्या कणांवर जगतं. पुढं चालवत नेलं नाही. लिंबाखाली बसवून सांगितलं, की पाच किलोमीटरवर, फाट्याच्याही पलीकडं, गाळावर बटाट्याएवढे काळे गोळे पडलेत. मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट. हिंदी महासागरात असे गोळे शोधायला भारताला ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र मिळालंय, अख्ख्या मराठवाड्याहून मोठं. बॅटऱ्यांसाठी हे धातू लागतात.

"काढले तर परत होतात का?" एकानं विचारलं.

"होतात. दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर."

"मंग ते बी बोअरच झालं की, सर."

मला पुढं बोलायला जरा वेळ लागला. मग पेरूजवळच्या समुद्राचं सांगितलं. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी चार किलोमीटरहून खोल तळावर मुद्दाम नांगर फिरवला, काय होतं बघायला. २६ वर्षांनी गेले तर तास तसेच्या तसे. शेतातलं तास एका पावसात बसतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचा अर्थ सांगावा लागला नाही. त्याच भागात एक ऑक्टोपस स्पंज नावाच्या समुद्रजीवाच्या मेलेल्या देठावर अंडी घालतो आणि ते स्पंज या गोळ्यांवरच उगवतात, कारण बाकी सगळा गाळ.

या गोळ्यांचं व्यापारी खाणकाम अजून सुरू झालेलं नाही, नियम जमैकातल्या किंग्स्टनला, आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणात ठरतायत. हे ऐकून पोरं म्हणाली, आपण पत्र लिहू. दुपारी ते पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या नावानं लिहिलं: गोळे उचलायच्या आधी तिथं कोण कोण राहतं त्याची मोजणी झाली का? उचलताना उडालेला गाळ किती लांब जाऊन बसेल?

एका मुलानं सही केली नाही. त्याचे वडील ट्रॅक्टर चालवतात. "बॅटरीचा ट्रॅक्टर आला तर डिझेलचे पैसे वाचतेल," तो म्हणाला. वर्गात गलका झाला. मी सगळ्यांना गप्प केलं, त्याला पूर्ण बोलू दिलं आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत पत्रात घातलं. मग त्यानंही सही केली.