अंजन वरच का, खाली का नाही?

चोपडा-यावल पट्ट्यातून सातपुड्याकडे निघालं ना, की अर्ध्या तासात झाडं पार बदलून जातात. खाली तापीच्या गाळात केळीचे बाग, बांधावर निंब-बाभूळ, मग पायथ्याला गोटाड जमीन लागते आणि चढ सुरू झाला की अंजन, सालई, धावडा. ऊन तर सगळीकडे तेच आपलं मे महिन्यातलं, मग एवढा फरक कशाने? बराचसा जमिनीनेच.

२०२३ ला 'नेचर'मध्ये सिडनी विद्यापीठातल्या ट्रिस्टन साल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. गेल्या ५४ कोटी वर्षांत डोंगर कसे उठले, झिजले, नद्यांनी गाळ कुठे नेऊन टाकला हे त्यांनी कॉम्प्युटरवर मांडलं आणि जीवाश्मांच्या नोंदींशी ताडून पाहिलं. त्यांचं म्हणणं असं की वनस्पतींचे प्रकार वाढायला आधी गाळमाती पसरावी लागली, उघड्या खडकावर मुळं धरणार तरी कशी, आणि सोबत उंचसखलपणाही लागला, कारण एकच जात वेगवेगळ्या खोऱ्यांत अडकली की पिढ्यानपिढ्या वेगळी होत जाते.

मला हे वाचताना सारखं खानदेशच दिसत होतं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्याचा काळा पाषाण झाला. पुढे तापी खचदरीतून, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीतून, पश्चिमेला वाहत राहिली, सातपुडा झिजला, मोठे गोटे पायथ्याशीच थांबले आणि बारीक गाळ खाली गेला, काही ठिकाणी तो शेकडो फूट जाड आहे.

अंजन मात्र खडकाचंच झाड. पान आपट्यासारखं पण लहान, आणि दोन्ही पाळ्या सुट्या. रोप वर वीतभर दिसतं तेव्हा सोटमूळ खाली कितीतरी खोल गेलेलं असतं. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे मी एक मूळ बघितलं, दगडाच्या भेगेत शिरून पार चपटं झालेलं, अंगावर दगडाचे ठसे. शेंग पण चपटी, टोकाला एकच बी, उन्हाळ्याच्या वाऱ्यात उडत जाते. पाणी धरणाऱ्या काळ्या मातीत हे झाड काही नीट येत नाही.

आता तापीकाठच्या घळी जेसीबी लावून सपाट करणं चालू आहे. शेतकऱ्याला जमीन हवीच, त्याला नावं कशी ठेवणार, पण त्या घळींच्या उतारावर बोर, हिवर, हिंगणबेट टिकून आहेत, बाजूच्या शेतात त्यांना कुठेच जागा नाही. निदान नाल्याच्या काठची पट्टी तरी सोडा भाऊ, तिथे तसंही पीक धड येत नाही.