बदलीवाले आले आणि आमचा मेळावा भरला

आमच्या मंडळाचा मेळावा ऑक्टोबरमध्ये असतो, १० तारखेच्या आसपासचा रविवार बघून, कारण १० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. हा दिवस १९९२ पासून पाळतात आणि त्याच वर्षी युनोने ३ डिसेंबर हा अपंग व्यक्तींसाठीचा दिवस म्हणून जाहीर केला, त्यामुळे ऑक्टोबर घ्यायचा की डिसेंबर यावर आमच्या सुरुवातीच्या मीटिंगा फार रंगायच्या. शेवटी ठरलं की मेळावा एकच आणि विषय दोन्ही. घरात तरी ते कुठे वेगळे असतात, ज्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नाही, त्याच्या आईला डिप्रेशन असू शकतंच ना.

पहिले काही मेळावे म्हणजे एक डॉक्टर, एक प्रोजेक्टर आणि समोर आम्ही. माहिती फार मोलाची असायची. मानसिक आजारांपैकी साधारण निम्मे वयाच्या १४ व्या वर्षाच्या आतच सुरू होतात हे मी तिथेच ऐकलं, आणि मग आम्ही शाळेतल्या मुलांनाही बोलवायला लागलो. पण हॉलमध्ये बघितलं तर ज्यांच्या घरी यातलं काहीच नाही अशीच माणसं जास्त. ज्यांच्यासाठी एवढं सगळं करायचो ते शुभंकर, म्हणजे घरी आजारी किंवा अपंग माणसाचं सगळं बघणारे, ते यायचेच नाहीत.

एक काकू होत्या, काकांना डिमेन्शिया, म्हणजे विसर वाढत जाणारा मेंदूचा आजार. आम्ही निमंत्रण द्यायला गेलो तर दारातच म्हणाल्या, "दर वर्षी बोलावता रे पोरांनो, पण मी आले तर यांच्याजवळ कोण बसणार ते पण सांगा की." आणि ते इतकं खरं होतं की आम्हाला आधी का नाही सुचलं असं झालं. त्या वर्षी दोघेजण मेळावा सोडून काकांजवळ बसले आणि काकू आल्या. तिथून बदलीवाले सुरू झाले. आता बदलीवाल्यांची वेगळी टीम आहे, ते महिनाभर आधीपासून त्या घरी येऊन जाऊन असतात, कारण अनोळखी चेहरा एकदम समोर आला की डिमेन्शियाचा माणूस घाबरतो, ऑटिझम असलेल्या मुलाचं सगळं वेळापत्रकच विस्कटतं. कोणती गोळी किती वाजता, कशाचा आवाज सहन होत नाही, उठवताना कुठे हात द्यायचा, सगळं विचारून वहीत लिहून घेतात. माझ्या मते आमच्या मंडळाचं सगळ्यात मोठं काम हेच, मेळावा त्यानंतर.

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा व्याख्यान चालू असताना खुर्चीवरच झोपून गेल्या. कुणीही उठवलं नाही, उलट शेजारच्या ताईंनी पंख्याचा वेग कमी केला. पुढच्या वर्षी मात्र त्या माईकवर बोलल्या, आणि मला तरी सगळ्या व्याख्यानांपेक्षा तेच जास्त लक्षात आहे. कधीकधी राग येतो, ओरडते, मग रात्रभर वाईट वाटतं, एवढंच त्या बोलल्या, आणि मागच्या रांगेतून दोघीतिघी उठून म्हणाल्या आमचंही असंच होतं. दोघीतिघी बायकाच उठल्या यात नवल नाही, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात आहे की जगातल्या बिनपगारी काळजीच्या कामापैकी ७६ टक्के काम बायकाच करतात. पुरुषही असतात, आमच्याकडे एक दादा आहेत ते भावाचं सगळं करतात, पण बोलायला त्यांना फार वर्षं लागली.

मग चिठ्ठ्यांचा डबा आला, नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. गोळ्या सुरू करून आठवडा झाला काही फरक नाही, बंद करू का, हा प्रश्न दर वर्षी असतोच, आणि डॉक्टर दर वर्षी तितक्याच शांतपणे सांगतात की डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, मनाने बंद करू नका. एकदा चिठ्ठी आली, मैत्रीण मरायच्या गोष्टी करते, तिला सरळ विचारलं तर तिच्या डोक्यात तेच पक्कं बसेल का? डॉक्टर म्हणाले नाही बसत, सरळ विचारा, विचारल्याने ती बोलेल, आणि मग तिला एकटं सोडू नका, मदतीपर्यंत घेऊन जा. अक्षर मुलीचं होतं, शाळेतल्या रांगेतलंच असणार, त्या दिवशी बाई प्रत्येक मुलीशी वेगळ्या बोलल्या.

हॉलही हळूहळू बदलत गेला. व्हीलचेअरसाठी आधी चार माणसं उचलायला असायची, आता रॅम्प आहे, एक फूट चढायला बारा फूट लांब, त्याहून उभा केला तर स्वतःच्या हाताने चढवत नाही. साइन लँग्वेजवाल्या ताईंच्या चेहऱ्यावर लाइट पाहिजे हे कर्णबधिर मुलांनीच सांगितलं. टाळ्या वाजवण्याऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे हे त्यांनीच शिकवलं आणि आता सगळा हॉल तसंच करतो, मोठा आवाज सहन न होणाऱ्या मुलांचीही सोय झाली.

निवेदन गेली काही वर्षं डाउन सिंड्रोम असलेला आमचा एक कार्यकर्ता करतो. कार्डवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण तो प्रत्येकाच्या नावानंतर स्वतःचं एक वाक्य घालतोच, आणि वेळ संपली की पाहुण्यांनासुद्धा सांगतो, आता बसा. यंदा त्याने कमिटीला सांगून ठेवलंय की त्याची आई बदलीवाल्यांच्या यादीत नको, तिला ऐकायला बसायचंय. तिच्या जागी कोण जाणार ते येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये ठरेल, मी माझं नाव दिलंय.