आतून कडी लागेल अशी खोली

मावशी पहिल्यांदा दिसल्या त्या एका मोठ्या जंक्शनबाहेरच्या रिक्षा स्टँडपाशी. केसांच्या जटा, अंगावर एकावर एक कपडे, टाचेला जखम आणि जखमेत अळ्या. अशा वेळी अंघोळ, केस कापणं हे सगळं नंतर. आधी चहा, मग जखम. टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की अळ्या वर येतात, त्या चिमट्यानं एकेक काढायच्या. आणि गाठोड्याला हात लावायचा नाही! दवाखान्यात आणलं की घाण म्हणून गाठोडं जाळून टाकतात, त्याचा मला फार संताप येतो.

हवालदार म्हणाले, "मॅडम, कुणाला त्रास नाही तिचा, राहू द्या की." मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०० मी पाठच केलंय. पोलिसांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मानसिक आजारी माणसाला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, हरवल्याची नोंद करून घरच्यांना शोधायचं. नोंद झाली. दवाखान्यात पुढचा प्रश्न, "सही कोण करणार?" बेघराला मोफत उपचाराचा हक्क याच कायद्यानं दिलाय, तरी दरवेळी भांडावं लागतं.

ओलान्झापिन हे मानसिक आजारावरचं औषध लागू पडलं. त्यांना ऐकू येणारे भासांचे आवाज कमी झाले तसं मावशींनी स्वतःच गाठोडं सोडलं. त्यात लहान मुलाचा शाळेचा शर्ट होता, कॉलरला शिंप्याचं लेबल, त्यावर मराठवाड्यातल्या एका गावाचं नाव. तिथल्या पोलिसांनी (यांचं मात्र कौतुक) शिंपी गाठला, त्याच्याकडून मुलगा सापडला.

मुलगा आला, रडला. "आई गेली असं धरून आम्ही दिवस घातले होते. औषधाचे पैसे देतो, पण घरी नको." लहानपणी त्यानं काय काय पाहिलंय ते ऐकल्यावर मला त्याला बोल लावता आला नाही.

मावशी म्हणाल्या, "मला तरी कुठं जायचंय त्याच्याकडं? आतून कडी लागेल अशी खोली द्या. रात्रीचं झोपायचंय मला." स्टेशनवर त्या रात्रभर दिव्याखाली जाग्या बसायच्या, पुरुषांच्या भीतीनं. केसपेपरवर डॉक्टरांनी 'निद्रानाश' लिहिलं होतं.

डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे मिळाला. रस्त्यावरच्या रुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं त्यांचं काम थोरच. पण ज्यांना घरच नाही? घर नाही म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घ्यायचं नाही, असं त्याच कायद्याचं कलम १९ सांगतं. मग ठेवायचं कुठं? महिलांच्या निवाऱ्यात विचारलं तर, "गोळ्या चालू असलेली बाई नको."

मावशी आता वॉर्डाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटतात, गोळी स्वतःहून मागून घेतात. मी भाड्याची खोली शोधतेय. "सोबत कोण राहणार?" असं घरमालक विचारतात, आणि "एकट्याच" म्हटलं की नकार येतो. दवाखान्याच्या बस रूटवर एक खोली आहे. मालकीणबाई स्वतः एकट्या राहतात. उद्या मावशींना घेऊनच जाणार आहे.