रिलेच्या एका कागदासाठी २३ दिवस

निफाडजवळ आमचं द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे. त्यासाठी ११ केव्हीचं एचटी (उच्च दाबाचं) वीज कनेक्शन घेतलं. अर्ज, खांब, ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, विद्युत निरीक्षकांची परवानगी, सगळं वेळेत झालं. अडलं ते रिलेच्या सेटिंगवर. रिले म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की ब्रेकरला वीज तोडायला लावणारं यंत्र.

पहिल्यांदा ब्रेकर चढवला आणि क्षणात उडाला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ट्रान्सफॉर्मरच खराब आलाय. माझ्या पोटात गोळा आला. पण मेगरचं (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राचं) रीडिंग चांगलं होतं. रिले न्यूमेरिकल, म्हणजे डिजिटल, त्याच्या बोटभर पडद्यावर शेवटच्या ट्रिपची नोंद राहते. बटणं दाबत गेलो तर आर फेजला (तीनपैकी एका फेजला) २१४ अँपिअर! आमचा फुल लोड २६ अँपिअर, आणि तेव्हा तर एक बल्बसुद्धा जोडलेला नव्हता. म्हणजे हा इनरश. ट्रान्सफॉर्मर चार्ज होताना थोडा वेळ आठ-दहा पट करंट ओढतो, तो फॉल्ट नसतो. हाय-सेट (ज्या करंटला रिले क्षणात ब्रेकर उडवतो ती मर्यादा) १५० वर ठेवलेलं, ते उडणारच.

सेटिंग बदलायला वीज कंपनीच्या टेस्टिंग विभागातल्या साहेबांची मंजुरी हवी. आमच्या आवारात फॉल्ट झाला तर आधी आमचा ब्रेकर सुटला पाहिजे, सबस्टेशनचा साधारण ०.३ सेकंद मागे राहिला पाहिजे. नाहीतर आमच्यापायी फीडरवरची (सबस्टेशनहून येणाऱ्या त्याच लाइनवरची) सगळी गावं अंधारात जातात. हे मला मनापासून पटतं. पण हा मेळ घालायला सबस्टेशनच्या रिलेचं सेटिंग कळायला हवं, आणि तेवढा एक कागद कोणी देईना. एका ऑफिसातून दुसरीकडे पाठवायचे, दुसरीकडे म्हणायचे, वरून पत्र आणा. पत्र निघालं तर ते टपालात. इकडे मण्यांत साखर भरत आलेली, व्यापारी रोज फोन करत होता. २३ दिवस! ऑफिसात ज्या बाकड्यावर वाट बघत बसायचो, त्याची आठवण आली तरी आजही डोकं तापतं.

शेवटी पत्राची प्रत स्वतःच घेऊन गेलो. टेस्टिंगच्या मॅडमनी रजिस्टर उघडलं आणि दहा मिनिटांत आकडे लिहून दिले. म्हणाल्या, "दादा, पहिल्याच दिवशी माझ्याकडे यायचं होतं." म्हणून सांगतो, अर्जाच्या पोचवर आवक क्रमांक घ्या आणि पत्र हातोहात न्या.

हाय-सेट ४२० केलं, सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग चालू केलं (इनरशमध्ये दुसरा हार्मोनिक भरपूर असतो, त्यावरून रिले तो ओळखतो). इंजेक्शन किटने (रिलेला मुद्दाम करंट देणाऱ्या यंत्राने) तपासून ब्रेकर चढवला. टिकला. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून डोळे भरून आले.

ट्रिप कॉइलची (ब्रेकर सोडवणाऱ्या कॉइलची) बॅटरी आधी तपासून घ्या, हे सांगायचं राहिलं. आणि रिलेचं घड्याळ लावा. पुढे पावसात केबल बॉक्समध्ये पाल शिरून फॉल्ट झाला, तेव्हा फक्त आमचा ब्रेकर सुटला, फीडर चालू राहिला. सबस्टेशनच्या ऑपरेटरला रिलेवरची वेळ सांगितली, त्याने लॉगबुक पाहिलं. त्या वेळेला त्याच्याकडे एकही ट्रिप नव्हती.