टीएमसीमधला बिलियन

गणिताच्या तासाला एकं, दहं, शतं म्हणताना गाडी दशलक्ष, कोटी, दशकोटी करत अब्जावर जायची. पुढे पाटबंधाऱ्याच्या कामात शाळेतल्या या पाठांतराइतके उपयोगी दुसरे काही पडले नसेल. मिलियन म्हणजे दशलक्ष आणि बिलियन म्हणजे अब्ज; दोन्ही स्थाने आपल्याकडे तयार नावांनी हजर आहेत. तरीही बिलियनचा घोळ होतोच. म्हणून स्मरणिकेतली ही जागा आताच्या मुलांसाठी त्याच शब्दाला देतो. पुण्यातल्या मुलांना तो सोपा जाईल, कारण दर पावसाळ्यात तो दुसऱ्या नावाने रोज पेपरात येतो.

टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट. हजार गुणिले दशलक्ष, एकावर नऊ शून्ये, म्हणजे एक अब्ज घनफूट. मग सरळ बिलियन का नाही? ब्रिटिश इंग्रजीत पूर्वी बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, बारा शून्ये. अमेरिकेत मात्र नऊ. एकाच शब्दात हजारपटीचा फरक. पाणीवाटपात असा शब्द चालत नाही. थाउजंड मिलियनमध्ये शंकेला जागाच नाही. बच्छावत लवादाचा कृष्णेच्या पाण्याबाबतचा अहवाल डिसेंबर १९७३ चा. लवादाच्या अंतिम वाटपात महाराष्ट्राच्या वाट्याला आले ५६० टीएमसी. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७४ मध्ये, पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी ब्रिटिश संसदेत स्पष्ट केले की सरकार बिलियन नऊ शून्यांचाच धरेल. त्यामुळे त्याआधीचे ब्रिटिश पुस्तक हाती आले तर शून्ये तपासल्याशिवाय आकडा उचलू नका. जर्मन शिकणाऱ्यांनी तर आजही जपावे: तिथे बिलिओन बारा शून्यांचा, आणि अब्जाला मिलिआर्डे.

आता आपली धरणे घ्या. खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, एकूण २९.१५. बातमीत याच्या शेजारी क्युसेक येतात आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. टीएमसी हा साठा, क्युसेक हा वेग: सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. एक अब्जाला त्याने भागा, ११,५७४ येतात. म्हणजे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी गेले. हा एक आकडा पाठ ठेवा. मग लगेच कळते की २३,००० क्युसेक दिवसभर सोडले तर खडकवासल्याच्या पूर्ण साठ्याइतके पाणी मुठा नदीत उतरते. वरून येवा जोरात असताना हे धरण पाणी धरून का ठेवू शकत नाही, याचे उत्तर या भागाकारातच आहे.

शहराचा पुरवठा एमएलडीत मोजतात, म्हणजे दिवसाला दशलक्ष लिटर. एक घनफूट २८.३१७ लिटरचा, म्हणून एक टीएमसी म्हणजे २८,३१७ दशलक्ष लिटर. रोज हजार एमएलडी उचलले तर एक टीएमसी अठ्ठावीस दिवस पुरेल. बाष्पीभवन आणि गळती धरली तर त्याहून कमी.

रुपया-डॉलरच्या बातमीत रीत सोपी आहे. बिलियनला शंभरने गुणा, कोटी मिळतात. मिलियनला दहाने भागा, तेही कोटीच. अडीच बिलियन डॉलर म्हणजे २५० कोटी डॉलर. आधी एवढेच करा, विनिमय दर नंतर लावा. दोन्ही एका दमात करायला गेले की एखादे शून्य हमखास गळते आणि २५० चे २५ होतात. इंग्रजीत लिहिताना आकड्यापुढे टू बिलियनच लिहा. बिलियन्स फक्त मोघम ‘अब्जावधी’ म्हणायचे असेल तेव्हा.

हिंदीतला अरब म्हणजे आपला अब्ज. त्याला अर्बुद समजू नका. लीलावतीत कोटीनंतर अर्बुद येतो आणि मग अब्ज, म्हणजे अर्बुद फक्त दहा कोटींचा. आणि स्वल्पविरामांवर विसंबू नका. इंग्रजी पद्धतीत ते तीन-तीन अंकांवर पडतात, आपल्याकडे पहिल्या तिनानंतर दोन-दोनांवर. ते सगळे पुसा आणि नुसते अंक मोजा: दहा भरले तर अब्ज, नऊ भरले तर दशकोटी.