जंगलातली माती स्वतःच क्लोरीन पकडते, हे डोळ्यांनी पाहिलं तो दिवस

मी मातीच्या लॅबमध्ये काम करते. तेव्हा आमच्याकडे जंगलातली माती होती, वरचा काळा थर, अर्धवट कुजलेली पानं, मधूनमधून बुरशीचे पांढरे धागे. आसपास कारखाना नाही, फवारणी नाही. तरी अशा मातीत सेंद्रिय क्लोरीन सापडतो, म्हणजे मिठातला सुटा क्लोराइड नाही, तर थेट कार्बनला जोडलेला. डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (कारखान्यांतलं विषारी रसायन) ऐकून ऐकून असला क्लोरीन म्हणजे माणसानेच केलेली घाण असं आपल्या डोक्यात बसलंय. १९९०च्या सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनी स्वच्छ जंगलांच्या मातीत तो भरपूर असल्याचं दाखवलं तेव्हापासून तो येतो कुठून, हा प्रश्न चर्चेत आहे.

आमचा प्रयोग साधा होता. एकाच मातीचे दोन भाग, एक जिवंत, दुसरा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, दोन्हींत क्लोरीन-३६ (क्लोरीनचाच किरणोत्सारी प्रकार, त्यामुळे माग काढता येतो) असलेला क्लोराइड घातला आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवून दिलं. त्या दिवशी मोजणी होती. आधी धुणं, पोटॅशियम नायट्रेटचं द्रावण घालायचं, हलवायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, वरचं तपकिरी पाणी ओतून काढायचं आणि परत तेच, जोवर धुतलेल्या पाण्यात क्लोरीन-३६ दिसायचा बंद होत नाही तोवर. खूप वेळखाऊ काम, पण इथे घाई केली तर पुढचा आकडा कवडीमोलाचा, कारण सुटा क्लोराइड मागे राहिला तर तोच बांधलेला म्हणून मोजला जाणार. मग उरलेली माती भट्टीत हजार अंशांच्या आसपास जाळायची, निघालेला वायू अल्कली द्रावणात पकडायचा आणि ते द्रावण सिंटिलेशन काउंटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात.

निर्जंतुक मातीचा आकडा बॅकग्राउंडपेक्षा, म्हणजे यंत्र एरवीही दाखवतं त्या किरणोत्सारापेक्षा, जेमतेम वर होता. जिवंत मातीचा आला तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच! इतक्या वेळा धुऊनही क्लोरीन-३६ तिथेच होता, ह्युमसमध्ये, म्हणजे मातीतल्या कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात, पक्का बसलेला. मॅडमना हाक मारली, त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शेवटचं धुतलेलं पाणी मोजलंस का?" मोजलं होतं, त्यात काही नव्हतं. मग त्याही बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या.

हे होतं कसं, तर बऱ्याच बुरशी आणि बॅक्टेरियांकडे क्लोरोपेरॉक्सिडेजसारखी एन्झाइम्स असतात, ती हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्ल बनवतात, म्हणजे पाणी शुद्ध करायला आपण वापरतो तेच, आणि ते समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाला क्लोरीन चिकटवतं. लोह असलेल्या मातीत थोडं काम जिवांशिवायही होतं. पण तापमानाचा पुरावा मला सगळ्यात पटतो. स्वीडनमधल्याच जंगलाच्या मातीवर केलेल्या प्रयोगात २० अंशांना वेग सगळ्यात जास्त आणि ५० अंशांना उलट कमी आला. नुसती रासायनिक क्रिया असती तर उष्णतेबरोबर वाढत गेली असती ना.

अणुकचऱ्यातही क्लोरीन-३६ असतो, म्हणून त्याच्या हिशोबात याला फार महत्त्व आहे. त्याचं अर्धायुष्य (निम्मा नष्ट व्हायला लागणारा काळ) सुमारे ३ लाख वर्षं, आणि क्लोराइड पाण्याबरोबर सरळ वाहून जातो असं पूर्वी धरलं जायचं. मातीतले जीव तो अडवून ठेवत असतील तर तो झाडांच्या मुळांजवळ कितीतरी जास्त काळ राहणार, आणि सुरक्षेची गणितं करताना तो काळ धरायलाच हवा.